पंधरा फोटोंची अळी

गेल्या हिवाळ्यात आष्ट्याजवळच्या आमच्या उसावर पांढऱ्या लोकरी माव्याची कीड पडली. सासऱ्यांच्या सांगण्यावरून मी सकाळीच औषधाचा पंप पाठीला लावून निघाले, तर बांधावर एक अनोळखी माणूस गुडघे टेकून पानाचा फोटो काढत होता. पाठीचा ताठपणा आणि बारीक कापलेले केस बघून फौजेतला वाटला.

“ताई, वाईच थांबता का?” त्यानं मान न वळवता विचारलं. “गारव्यानं अळी सुस्त हाय, तवर उरकतो.”

तो श्वास रोखून फोटो काढायचा, कॅमेरा केसभर पुढं सरकवायचा आणि पुन्हा श्वास रोखायचा. असे पंधरा फोटो झाले.

“जवळनं काढलं की एका फोटोत एवढासाच भाग साफ येतो,” तो म्हणाला. “म्हणून परत्येकातला साफ तेवढा घेऊन एक फोटो जोडायचा.”

जोडलेला फोटो त्यानं कॅमेऱ्यावरच दाखवला. मी जिला कीड समजले असते ती अळी तोंडापासून शेपटीपर्यंत स्वच्छ दिसत होती, आणि तिच्या जबड्यात मावा होता.

“आवं, ही तर माव्याला खाती.”

“व्हय. फवारलं तर आधी हीच मरंल. तोंड दिसल्याबिगर मी किड्याला वाईट म्हणत न्हाई.”

त्या फोटोचा मी मोबाईलवर फोटो घेतला. घरी सासऱ्यांनी तो बराच वेळ बघितला आणि ते म्हणाले, “पंप धुऊन ठेव.”

काही आठवड्यांत पानं पुन्हा हिरवी दिसू लागली. तो माणूस परत दिसला नाही. आता फवारायच्या आधी मी पानाजवळ बसते आणि कोण कुणाला खातंय ते बघूनच उठते.