कोवळ्या कोहळ्याचा दिवा

आमच्या वडनेर भोलजीत वीज आली, त्याच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या पुंजाजीने एक खेळ तयार केला. एरवी तो विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. बोटं कायम काळी, माणसांशी बोलणं कमी. यंत्राशी मात्र तान्ह्या लेकराशी बोलावं तसा पुटपुटत बसे.

खेळ असा. मोठ्या पुठ्ठ्यावर बारा चित्रं, प्रत्येकाशेजारी बॅटरीचा छोटा दिवा. हातात काडी, तिच्या टोकाला फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबक. काडी टेकवायची नाही, चित्रावर नुसती धरायची. पुठ्ठ्याखालची लोखंडी पट्टी वर ओढली जाई, तारेला लागे, आणि त्याच चित्राचा दिवा पेटे. काडी सरकली की विझे. बैलावर धरली तर बैलाचा, विळ्यावर धरली तर विळ्याचा.

हा खेळ त्याला तालुक्याच्या शेतकी प्रदर्शनात मांडायचा होता. आदल्या वर्षी त्याच्या पाखरं हाकलायच्या यंत्राने पाहुण्यांचा फेटा ओढला होता. म्हणून यंदा प्रदर्शनाच्या साहेबांनी बजावलं, "गुरुवारी येऊन पाहीन. बाराही दिवे लागले तर जागा. नाहीतर पुन्हा अर्ज करू नका."

मंगळवारी गल्ली जमली. अकरा दिवे लागले. बारावं चित्र वेलीवरच्या कोवळ्या कोहळ्याचं. आमच्याकडे लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात. त्याचा दिवा कोणाच्याच हातून लागेना.

पुंजाजीने चित्र उचकटलं, दिवा बदलला, खळ लावून पुन्हा चिकटवलं. कोहळ्याची पट्टी बैलाखाली घातली. बैल झकास पेटला. बैलाची कोहळ्याखाली घातली, ती मेली.

"वहिनी, हे कोहळं मले खाऊन राह्यलं," तो म्हणाला.

मी ओट्यावर तूर निवडत बसले होते. बुधवारी दुपारपर्यंत नुसते हात पाहिले. बैलावर सगळ्यांची काडी सरळ. कोहळं आलं की मनगट वळे, काडी तिरपी होई, चुंबक भलतीकडेच. कोवळ्या फळाला आपल्यात सरळ बोट दाखवत नाहीत, फळ सडतं म्हणून. बोट दुमडून दाखवतात. काडी दुमडता येत नाही, म्हणून गल्ली मनगट दुमडत होती.

"भाऊ, बिघाड पट्टीत नाही, मनगटात आहे," मी म्हटलं.

"काहीतरीच. चित्र हाये थे." त्याने काडी उचलली. कोहळ्यापर्यंत सरळ आली आणि वळली. त्याने काडी डाव्या हातात घेतली. डावाही वळला.

त्याची आई चांगुणाबाई दारातून पाहत होती. "सरळ धरून तं पाह्य," ती म्हणाली. "इंजिनवाला झाला म्हून काय कोहळं सडवशीन?"

"माय, कागदाचं हाये."

"कोवळंच हाये ना पन."

पुंजाजीने काडी खाली ठेवली. शेवटी चांगुणाबाईच म्हणाली, "पिवळं रंगव ना बाप्पा. पिकल्यावर कोनी बोट दाखवलं तं काय होते?"

हळद आणि डिंक कालवून पुंजाजीने कोहळं पिकवलं. पहिल्याच काडीला दिवा लागला.

गुरुवारी साहेब आले. बाराही दिवे लागले. पण साहेबांच्या कपाळाला आठी. "वेल फुलावर आणि फळ पिकलेलं? हे शेतकी प्रदर्शन आहे. हिरवं करा."

पुंजाजी आत गेला, हिरव्या शाईने कागदावर कोवळं कोहळं काढून आणलं, पिवळ्यावर ठेवलं आणि काडी साहेबांच्या हाती दिली.

साहेब मूळचे मेहकरकडचे, म्हणजे आपल्यातलेच. काडी आली, वळली. दिवा नाही. तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला.

"बिघडला काय जी?" मागून कोणीतरी विचारलं.

साहेब आपल्याच मनगटाकडे पाहत होते. त्यांनी हिरवा कागद उचलून बाजूला ठेवला. "राहू द्या पिवळंच," म्हणाले, आणि जागेच्या चिठ्ठीवर सही केली.

तोवर चांगुणाबाईने तो कागद आत नेऊन कडब्यात ठेवला होता.

"सरळ कोनीच नाही दाखवलं," ती मला म्हणाली. "पिकते आता थे."