दादांचा जादा गिअरबॉक्स

मित्रांनो, माझ्या थोरल्या भावाची, दादांची, काल तेरवी झाली. आज सकाळी नागभीडच्या घरचा कोठा आवरायला घेतला.

कोपऱ्यात सागवानी फळीवर, जुन्या धोतरात गुंडाळलेला गिअरबॉक्स होता. दादांकडे पन्नासच्या दशकातली जीप होती, तिच्यासाठी जादा ठेवलेला. जीप विकून वर्षं झाली. भंगारवाला दारात उभा होता, म्हणून मी गिअरबॉक्सवरचं धोतर सोडलं. दांडा फिरवून पाहिला तर सहज फिरला. आत तेलही भरलेलं होतं.

"वहिनी, हा जाम कसा नाई झाला?"

"मीच फिरवते न दर अमावस्येले. त्यायनंच सांगतलं होतं, नाईतर दाते गंजते म्हने."

"पण जीप तं कवाचीच गेली."

"गेली. पन आता नको फिरवू, असं नाई म्हनलं त्यायनं कधी."

मी भंगारवाल्याला परत पाठवलं. आज अमावस्या नव्हती, तरी वहिनींनी एकदा दांडा फिरवला आणि धोतराची गाठ पुन्हा बांधली.

तुमच्यापैकी कोणाकडे तशी जीप अजून चालते का? ती आम्हाला पाहायची आहे. गिअरबॉक्स द्यायचा की नाही, ते वहिनी ठरवतील.