चार दिवसांचं टूल आणि बोरवाडीचा टँकर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. समितीत नाही, घरी नाही, जिला माझे सगळे पासवर्ड ठाऊक आहेत त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण — कारण काही नाही. सांगते, बस्स.

मी पत्रकं लिहिते. म्हणजे लिहायला शिकले तीच पत्रकांवर. 'जाहीर निषेध' आधी टाईप करायचं, मग कशाचा ते शोधायचं — हसू नका, निम्म्या वेळी खरंच तसं व्हायचं. शिवाय मी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, आणि तिथून एक व्यसन घेऊन आले. सॉफ्टवेअर बनवायचं नवं टूल निघालं की ते पहिल्या दिवशी माझ्या लॅपटॉपवर पाहिजे. चालतं का? कुणाला पडलंय! चालणारं जुनं टूल मला खुर्चीला चिकटलेल्या आमदारासारखं वाटायचं — हटवलंच पाहिजे. एकेक ॲप मी चार-चार वेळा नव्यानं लिहायची. वापरणाऱ्यांना दर वेळी बटण नव्या जागी शोधावं लागायचं. याला मी प्रगती म्हणायची.

तो उन्हाळा लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. आमचा तालुका लातूर आणि नांदेडच्या मधोमध, दोघांनाही नकोसा. म्हणून मागणी एकच — आमच्या तालुक्याचा वेगळा जिल्हा! कृती समितीचे अध्यक्ष शिवलिंगअप्पा, किराणा-भुसारचे व्यापारी. सोमवारी उपास, उरलेले सहा दिवस आंदोलन. त्यांच्या मळ्यातल्या बोअरला पाणी टिकून होतं. अप्पांनी ठरवलं, दोन टँकर समितीनं चालवायचे. नवा जिल्हा कसा चालेल ते सरकारला आधीच चालवून दाखवायचं. गावं अकरा. कुठला टँकर कुठं जाणार, ते दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं.

खडूनं! तुम्हीच सांगा — जिल्हा नवा मागायचा आणि फळा वापरायचा?

मी ॲप केलं. दोन्ही ड्रायव्हरांच्या फोनवर टाकून दिलं. फळा पुसला. महिनाभर सगळं बिनचूक चाललं, आणि नेमकं तेच मला सोसवेना. तेवढ्यात एक नवं टूल निघालं. निघून जेमतेम चार दिवस झालेले. जुनी यादी दिली की ते आपोआप नव्या साच्यात बसवून द्यायचं. पहिल्याच पानावर सूचना होती — चाचणी चालू आहे, खऱ्या कामाला वापरू नका. वाचली नाही असं म्हणता आलं असतं. पण वाचली मी. नीट वाचली. सरकारी कचेरीतल्या 'प्रवेश बंद' पाटीखाली ठिय्या देऊन बसलेली मी — मला हे टूल अडवणार?

टूलनं विचारलं, जिल्हे कोणकोणते? मी एकच नाव टाकलं. आमच्या जिल्ह्याचं. जो अस्तित्वातच नव्हता. लातूर, नांदेड — दोन्ही मी तत्त्व म्हणून टाकले नाहीत. आता दहा गावांपुढं यादीत आमच्याच जिल्ह्याचं नाव होतं, ती बसली. अकरावं बोरवाडी. त्यांच्या ग्रामसभेनं आम्हाला ठराव दिला नव्हता, 'आम्ही नांदेडातच बरे' म्हणाले होते. पाणी त्यांनाही जायचं; पाण्यात राजकारण नको, हा अप्पांचा शब्द. पण यादीत बोरवाडीपुढं 'नांदेड' होतं. आणि या टूलची एक खोड मला ठाऊक नव्हती. साच्यात न बसणारं ते गुपचूप गाळून टाकायचं.

तीन दिवस बोरवाडीला टँकर गेला नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिथल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन अप्पांच्या दुकानासमोर उभ्या.

"ठराव न्हाई दिला म्हणून पाणी तोडलं व्हय, अप्पा?" एक म्हातारी म्हणाली. "आधी सांगायचं की. पाण्यापायी पाच ठराव दिले असते!"

अप्पा गल्ला सोडून धावत बाहेर आले.

बोरवाडीची खेप गफूरचाचांची. समितीच्या टँकरवर यायच्या आधी पंचवीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, गाडीला ओरखडा नाही. मी त्यांना फोन केला का? लॅपटॉप उघडून बघितलं का? छे! वीस मिनिटांत पत्रक हाणलं — 'बोरवाडीचं पाणी कुठं मुरलं???' चाचांचं नाव ठळक अक्षरात. त्यांनी पाणी विकलं असं मी लिहिलं नाही हो. फक्त विचारलं. विचारायला काय लागतं? दुपारच्या आत पत्रक गावभर झालं.

संध्याकाळी समितीची बैठक. पुरावा न्यावा म्हणून मी तेव्हा कुठं लॅपटॉप उघडला. टूलनं एका कोपऱ्यात एक फाईल लिहून ठेवली होती. फाईलीत ओळ एकच — एक नोंद वगळली.

मी — साऱ्या तालुक्याला जाब विचारत फिरणारी मी — काय केलं असेल? बोरवाडी हातानं परत टाकली. गेल्या तीन दिवसांच्या तारखांसकट. आणि बैठकीला गेले.

चाचा उभेच होते. "कसम से बेटा, फोनमें बोरवाडी थाच नै. रहता तो मैं कायकू नै जाता?"

मी त्यांचाच फोन त्यांच्यापुढं धरला. "मग हे काय आहे, चाचा? मशीन खोटं बोलत नसतं."

चाचांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. परत जवळ. नाव होतं, तिन्ही दिवस होतं.

"गफूरभाई," अप्पा खाली बघत म्हणाले, "चावी ठिवा."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरनं बोरवाडीला पाणी नेलं. पत्रकाचा दणका, लोक म्हणाले. समितीनं माझा सत्कार केला — शाल आणि श्रीफळ. त्या उन्हाळ्यात निदान श्रीफळात तरी पाणी होतं. मी भाषणात 'पारदर्शकता' हा शब्द सहा वेळा वापरला.

दिवाळीच्या सुमारास चाचा बसस्टँडवर भेटले. डोळ्यांवर नवा चष्मा. मी — काहीतरी बोलायचं म्हणून — म्हणाले, छान दिसतो.

"नांदेड जाके बनाया," चाचा म्हणाले. "डाक्टर बोला, नजर एकदम साफ है, क्या करते चष्मा? मैं बोला, नै साब, तुमकू नै मालूम. बोरवाडी सामने लिखेला था, मेरेकू दिखा नै. जिद करके लिया." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू पकडी, अच्छा हुआ बेटा. नै तो किसीको गाडीके नीचे लेता था मैं."

मला एस.टी. पकडायची होती. म्हणजे — नव्हती. मी पकडली.

चाचांनी त्यानंतर गाडीला हात लावलेला नाही. आता पंक्चरच्या दुकानात बसतात.

बोरवाडी यादीत नव्हती. चाचांना बरोबर दिसलं होतं.