रेघ की भेग

आमच्या आत्याला घरात सगळे 'लाल दिवा' म्हणतात आणि तिला ते मनापासून आवडतं. ती दुसऱ्या शहरातल्या विमानतळावर देखभाल विभागाची प्रमुख आहे. तिची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. आमच्या घरात तिला असला अधिकार कुणी दिलेला नाही, पण सुट्टीला आली की ती तो गाजवतेच. आमची शिडी तिने बाद केली, बाल्कनीतला झोपाळा दोनदा उतरवला, आणि बाबांची स्कूटर तर चक्क भंगारात काढायला लावली. बाबा कुरकुरले की ती इतक्या मोठ्याने हसते की शेजारचे दार उघडून बघतात.

तिच्या हाताखालच्या लोकांत तिने एक पद्धत पाडली आहे. कुणी शंका काढली, विमान थांबलं आणि शेवटी काहीच निघालं नाही, तर त्या माणसाला ती सगळ्यांसमोर केक खाऊ घालते. खरा बिघाड शोधणाऱ्याची पाठ कुणीही थोपटतं, असं तिचं म्हणणं. पण फुकट गेलेल्या शंकेवर चार लोक हसले, की तो माणूस पुढच्या वेळी तोंड मिटून बसतो. मला या गोष्टीचं भारी कौतुक होतं. माझ्या लग्नाच्या दिवसापर्यंत.

स्थळ आत्यानेच सुचवलेलं, तिच्याच शहरातलं. नवरदेव, सासूबाई आणि त्यांच्याकडची मंडळी सकाळच्या विमानाने निघणार होती. कागदावर सही करून आत्याही त्याच विमानात बसणार होती. लग्न दुपारी होतं, आणि संध्याकाळी त्याच हॉलमध्ये दुसरं लग्न.

मी आरशासमोर बसले होते तेव्हा नवरदेवाचा फोन आला. आम्हाला सगळ्यांना खाली उतरवलंय, तो म्हणाला. कुणी, असं विचारल्यावर जरा घुटमळला आणि म्हणाला, तुझ्या आत्यांनी.

झालं होतं असं, की एका मेकॅनिकला सामानाच्या दाराच्या बिजागरीपाशी केसासारखी बारीक रेघ दिसली होती. रंगावरचा ओरखडा असेल, नाहीतर धातूला गेलेली भेग. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. रंग खरवडून तपासावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. त्या बिचाऱ्याला मॅडमच्या घरचं लग्न माहीत होतं. बहुतेक काही नसेल, पण खात्री नाही, एवढंच तो अडखळत म्हणाला. मलाही नाही, असं म्हणून आत्याने विमान रिकामं करायला लावलं.

माझा पारा चढला. मी तिला फोन लावला. "आत्या, आजच्या एका दिवसापुरतं तरी..."

"ठमे, रागाव खुशाल. मी आल्यावर बोलू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी इतकी रडले की मेकअपवालीने हात टेकले. बाबा दुसऱ्या लग्नवाल्यांची मनधरणी करायला गेले. माणसं देवमाणसं निघाली. हॉल आपण दोघं मिळून वापरू, म्हणाली. स्टेजवर त्यांची फुलं लागली, मागे त्यांची नावं लागली. ती नवरी माझ्याच आरशापाशी येऊन बसली आणि स्वतःच्या डब्यातलं काजळ तिने मला लावलं. तोवर मला हसू यायला लागलं होतं.

विमान आलं ते ऊन उतरल्यावर. रेघ नुसता ओरखडा होती, सामानाची गाडी घासून आलेला. खोळंबलेले प्रवासी काही नव्हतंच म्हणून भडकले होते, आणि त्यांच्यादेखत आत्याने त्या मेकॅनिकला केक भरवला. आधी कुणाला काही समजलंच नाही. मग एका म्हाताऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. हे सांगताना नवरदेवाला हसू आवरत नव्हतं. दुसऱ्यांच्या नावाखाली आमचं लग्न लागलं आणि दोन्हीकडचे पाहुणे एकत्रच जेवले.

जेवताना आत्या हातात ताट घेऊन सगळ्यांची विचारपूस करत फिरत होती. ती जवळ आली तसं सासूबाईंनी विचारलं, "खरं सांगा हं. आमचा मुलगा आत होता म्हणून थांबवलंत ना विमान?"

आत्या हसली नाही. "उलट, विहीणबाई. तुमचा मुलगा आत होता, इकडे ही वाट बघत होती, म्हणूनच तर सोडून द्यावंसं वाटत होतं. पेन काढलं होतं मी."

मी सकाळी फोनवर जे मागत होते, ते तिच्या मनाने माझ्याआधीच तिच्याकडे मागितलं होतं.

सासूबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. "बसा," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उभ्या आहात."