उलट्या चितारी

शहरात त्याला उलट्या म्हणत. आधी पूर्ण म्हणत, ‘उलट्या काळजाचा’. पुढे तेवढं बोलायचाही लोकांना कंटाळा आला. पोरं मागे लागायची, “उलट्या, उलट्या झाल्या का रे?” आणि धूम ठोकायची. तो रागवत नसे.

या नावाआधी तो नुसता चितारी होता. पाळण्यांवर पोपट, दारांवर वेली, दुकानांच्या पाट्या, एवढंच त्याचं काम. माणसाचा चेहरा काढायची वेळ आली की टाळाटाळ करी. म्हणे, “पोपट तक्रार करत नाही.”

मग शहराला वेढा पडला. सात महिने. धान्य ज्याच्या ताब्यात होतं त्या कोठारदारानं पोतीच्या पोती चोरवाटेनं शत्रूच्या छावणीत पोचवली आणि शेवटी स्वतःही तिकडेच पळाला. लोकांनी चपलांचं चामडं उकळून खाल्लं. चिताऱ्याची धाकटी मुलगी त्याच वेढ्यात गेली. शेवटी तर तिला रडायचंही त्राण उरलं नव्हतं. वेढा उठला, पण कोठारदार काही हाती लागला नाही.

कोतवालानं चिताऱ्याला बोलावून घेतलं. “चौकीच्या भिंतीवर त्याला काढ. एका पायानं टांगलेला, डोकं खाली. पकडता येत नाही, निदान टांगू तरी.”

“मी पोपट काढतो, साहेब.”

“मग हाही पोपटच समज. दाणे खाऊन उडालेला.”

अडचण एकच होती. कोठारदार सदा पालखीत, पडद्याआड. चिताऱ्यानं त्याला धड पाहिलंच नव्हतं. पण त्याचा सख्खा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे लोहारकाम करी. दोघं एकाच साच्यातले, असं सगळे म्हणत. कोठारदारानं या भावाला कधी दारात उभं केलं नव्हतं, आणि वेढ्यात दोघांची आईही लोहाराच्याच घरी उपासमारीनं मेली होती. चितारी जुना रंग काढायच्या खरवडणीला धार लावायचं निमित्त काढून त्याच्या भट्टीपाशी जाऊन बसला.

“बस की निवांत,” लोहार म्हणाला. “लोखंड तापायला वेळ लागतो.”

चितारी निवांत बसला आणि नाक, जबडा, कानाची पाळी मनात भरून घेतली. लोहाराची डावी भुवई ठिणगीनं अर्धी जळालेली होती. तेवढी त्यानं वगळली.

चित्र काढताना त्याला मुलगी आठवत होती. जो राग कुणावर काढता आला नव्हता तो त्यानं भिंतीवर काढला. डोळे बाहेर आलेले, जीभ लोंबलेली, मानेच्या शिरा तट्ट. आयुष्यात काढलेला तो पहिलाच जिवंत चेहरा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कापड बाजूला केलं. चित्रावर आधी चिखल बसला, मग दगड. आणि मग कुणीतरी ओरडलं, “अरे, हा तर त्या लोहाराच्या दुकानात बसलाय!”

“तो भाऊ आहे त्याचा!” चितारी परांचीवरून ओरडला. गर्दी केव्हाच वळली होती. तो खाली उतरून धावला, तोवर लोहाराला केसांना धरून बाहेर ओढलं होतं.

“मी तो नव्हे! ही भुवई बघा माझी!”

“ओळख लपवायला भाजून घेतलीय साल्यानं!”

चाळीस वर्षं तो यांच्यात राहिला होता. ज्यांच्या कुदळींना त्यानं धार लावली, त्याच कुदळींचे दांडे त्याच्या पाठीत बसले. चितारी मध्ये घुसला, “मी याचं तोंड बघून काढलंय, हा तो नाही!” एवढं म्हणेपर्यंत कुणाचं तरी कोपर त्याच्या तोंडावर बसलं आणि दोन दात घशात गेले. लोहाराला फरफटत चौकीपाशी नेलं, डाव्या पायाला दोर बांधला आणि चित्राच्या शेजारीच वर ओढला. अगदी चित्रातल्यासारखा. जीव जायला दुपार झाली. चितारी धुळीत बसून बघत होता. रक्त डोक्यात उतरलं की तोंड काळंनिळं होऊन सुजतं, पापण्या मिटत नाहीत. यातलं त्याच्या चित्रात काहीच नव्हतं.

शिक्षा कुणालाच झाली नाही. कोतवाल म्हणाला, “गर्दीला नाव नसतं.” मग ते नाव चिताऱ्याला चिकटलं. ज्यांनी मारलं होतं, त्यांनाच ते जास्त सोयीचं होतं.

नवव्या दिवशी लोहारीण त्याच्या दारात आली. हातात नवऱ्याचा हातोडा.

“तोंड कुणाचं काढलंस?”

“तुमच्या मालकांचं.”

“हात ठेव.”

त्यानं रंग वाटायच्या पाट्यावर उजवा हात ठेवला. “अहो!” बायको किंचाळली आणि दंड धरून ओढू लागली. त्यानं तिला मागे सारलं. तीन घाव बसले. पहिल्याला तो ओरडला, दुसऱ्याला ओला झाला, तिसरा त्याला कळलाच नाही. लोहारीण आली तशी निघून गेली. कोतवालाच्या माणसाला त्यानं सांगितलं, परांचीवरून पडलो.

हात भरून आला तो आल्याच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा. डावा हात थोडा चालायला लागल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे भर दिवसा चुन्याची बादली घेऊन ते चित्र पुसून टाकलं. सरकारी चित्र पुसल्याबद्दल तीस फटके बसले. बायको पाठीला तेल लावताना म्हणाली, “आता तरी पोपट काढा.”

चार वर्षांनी शत्रू पुन्हा आला, आणि या वेळी दरवाजे आतूनच उघडले. त्यांच्यासोबत कोठारदार परतला, शहराचा कारभारी होऊन. आपलं विटंबनेचं चित्र एका चिताऱ्यानं पुसलं, त्यापायी फटके खाल्ले, हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं उलट्याला बोलावून चक्क मिठी मारली.

“तू माझी अब्रू राखलीस. आता त्याच भिंतीवर मला काढ. सरळ. खुर्चीत बसलेला.”

“तुमचे भाऊ...” चितारी म्हणाला.

“हो, ऐकलं. बिचारा. त्याला मेलं बोलताच येत नसे नीट.” आणि त्यानं जेवण मागवलं.

अकरा दिवस चितारी डाव्या हातानं राबला. समोर बसलेला माणूस सुटला होता, गाल लोंबत होते; भिंतीवर मात्र कष्टाचा रेखीव जबडा उतरत होता. कोठारदार खूश. “तरुण केलंस की रे मला!” शेवटच्या सकाळी चिताऱ्यानं बारीक कुंचला घेतला आणि डावी भुवई अर्धी जाळली.

कापड सरकलं. चौकात दमदाटीनं जमवलेले लोक उभे होते. एक म्हातारी म्हणाली, “अगं बाई, हा तर आपला लोहार.” चौथ्या रांगेतला एक धिप्पाड माणूस मटकन खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला. दोर ओढणाऱ्यांत तो होता.

कोठारदार भिंतीपाशी गेला. “हा डाग कुणाचा?”

“ज्याचं तोंड आहे त्याचा.”

शिपायांनी त्याला दांड्यांनी खाली पाडलं. बरगड्या मोडल्याचा आवाज पुढच्या रांगेला ऐकू गेला. कोठारदाराच्या तोंडाला फेस आला होता. “टांगा याला! त्याच्यासारखाच टांगा!” पायाला दोर बसला, चौक उलटा झाला. गर्दी नुसती बघत राहिली. याही वेळी सोडवायला कुणी हललं नाही.

मग गर्दीतून लोहारीण आली. तिनं दोर धरलेल्या शिपायाच्या गुडघ्यावर हातोडा घातला. तो कोसळला, दोर सुटला, चितारी डोक्यावर आदळला. कोठारदारावर पहिला दगड कुणी मारला ते त्याला दिसलं नाही, पण नंतरचे सगळे दिसले. कोठारदार चौकीकडे पळाला; आतल्या शिपायांनी भीतीनं दार लावून घेतलं. त्या बंद दारावर नखं ओरबाडत तो मेला. त्याच संध्याकाळी फौजेनं सूड म्हणून दोन गल्ल्या पेटवल्या. सतरा माणसं गेली. भिंतही पाडली.

चितारी बायकोच्या पाठीवरून शहराबाहेर पडला आणि वाचला. मान कायमची एका खांद्याकडे कलली, एक डोळा गेला. फौज गेल्यावर दोघं परतली. तो आणखी नऊ वर्षं जगला आणि डाव्या हातानं पाळण्यांवर पोपट काढत राहिला. थोडे वाकडे यायचे, पण पोरांना आवडायचे.

लोहारीण त्याच्याशी कधी बोलली नाही. एकदाच, पाणवठ्यावर गाठ पडली तेव्हा त्यानं धीर करून विचारलं, “बाई, तुम्ही मला का वाचवलंत?”

तिनं घागर खाली ठेवली. “तुला वाचवायला कोण आलं होतं? मी त्या कोठारदारावर चालले होते. तू मधे लोंबत होतास.”

त्यानं मान हलवली, जितकी हलत होती तितकी, आणि तिला वाट करून दिली.