खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

साजगावच्या एका कारखान्यात वजनकाट्याचा कॉम्प्युटर मी सांभाळायचे. ट्रक काट्यावर चढला की वजनाची पावती छापायची, एवढंच त्याचं काम. पण पावती नाही तर ट्रक गेटबाहेर नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, पावती निघत नाही. मी कर्जतहून पोचेपर्यंत ट्रकांची रांग रस्त्यावर गेली होती आणि ड्रायव्हर शिव्या देत होते. मॉनिटरवर झेंडूची माळ, कीबोर्डवर कुंकू! वर्षभर चालू असलेलं मशीन काटाघरातल्या माणसाने परवा पूजेसाठी बंद केलं होतं, ते आज सुरू केलेलं. माझं टाळकंच सरकलं. "कुणी सांगितलं होतं बंद करायला? अक्कल गहाण ठेवलीत का?" अख्ख्या गेटसमोर ओरडले. तो वाडीवरचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. "खंडेनवमीला सगलीच मशिनं बंद ठेवतात, म्याडम. दुसरं काय नाय केलं," एवढंच म्हणाला. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग स्क्रीनकडे नीट पाहिलं. पावतीचा प्रोग्रॅम पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. त्याला लागणारं एक पॅकेज, म्हणजे तयार कोडचा जोडभाग, सापडत नव्हतं. परवा होतं, मग आज कुठे मेलं? काय कधी बदललं याची नोंद कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स ठेवतं, ती उघडली. तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी पायथनची नवी आवृत्ती चढवून जुनी काढून टाकली होती. नवीत ते पॅकेज घातलंच नव्हतं. प्रोग्रॅम मात्र आधीपासून चालू, म्हणून मेमरीतल्या जुन्यावरच निभावत राहिला. एकदा बंद करून सुरू केला असता तर तेव्हाच कळलं असतं. आणि ही अक्कल पाजळणारी कोण? मीच! घरी बसून, इंटरनेटवरून, चहा पीत. सुरू करून बघायचाही कंटाळा केला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

पॅकेज घातलं, दहा मिनिटांत पावती निघाली. साहेबांना खरं ते सांगितलं. "मग बोलवा त्याला परत," ते म्हणाले.

दुपारी वाडीवर गेले. तो भात कापत होता. बांधावर बोलावून हळूच म्हटलं, "चूक माझी होती, काका. माफ करा. उद्यापासून या."

त्याने हातातला विळा खाली ठेवला नाही. "तुमी वरडल्या तेवा सगल्या डायवरांनी आयकलं. नि माफी माज्या एकट्याच्या कानात? गेटवर चला, तिथं बोला."

गेटवर काय बोलायचं ते मनात जुळवू लागले, तर एकेक शब्द अडत होता. सकाळी मात्र एकही अडला नव्हता.