दर रविवारी मी कॉम्प्युटर चालू करायचो

मागच्या रविवारी सकाळी हुडकेश्वरच्या आमच्या घरी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. दिवा नाही, आतल्या पंख्याची घरघर नाही... पुन्हा दाबलं, तरी नाही.

आधी सांगतो, मला कॉम्प्युटर येत नाही. शिक्षण आठवीपर्यंत, तेही रडतखडत. सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, पंपांवर हेल्पर म्हणून.

तिथे एक रीत होती. राखीव ठेवलेला पंपही मधूनमधून चालवायचा, नाहीतर जाम होतो आणि नेमका गरजेच्या वेळी दगा देतो. चालू केला की अंगावर तळहात ठेवायचा... थरथर एकसारखी लागली की मशीन ठणठणीत.

घरचा कॉम्प्युटर मी तसाच जपला. मुलगी पिंकी कॉलेजात असताना घेतला होता. ती लग्न होऊन पुण्याला गेली, नंतर बायको सुशीला वारली, आणि तो हॉलच्या कोपऱ्यात राहिला. पण त्यात पिंकीच्या हळदीचा व्हिडिओ होता आणि त्या व्हिडिओत सुशीला बोलत होती. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

ती गेल्यावर तो व्हिडिओ मी एकदाही पाहिला नाही. हिंमतच झाली नाही... फक्त दर रविवारी मशीन चालू करायचं, तळहात ठेवायचा, थरथर लागली की बंद करायचं. आवाज आत सुखरूप आहे, एवढ्यावर माझा आठवडा निघायचा. दसऱ्याला त्याला कुंकू लावून झेंडूचं फूलही वाहायचो.

शेजारचे वामनराव नेहमी टोचायचे, "काहून हा डब्बा पुसत राहता गा? आता सगळं मोबाईलवरच होते." मी म्हणायचो, मोबाईलचा काय भरवसा? आज खिशात, उद्या नालीत. कॉम्प्युटर कसा, एका जागी बसून असतो.

तर त्या दिवशी तो डबा चादरीत गुंडाळला, ऑटोत मांडीवर घेतला आणि बर्डीच्या बाजारात निघालो. प्रत्येक गतिरोधकावर जीव वरखाली. "हळू चालव गा बाबू, आत नाजूक सामान आहे," असं ऑटोवाल्याला सारखं सांगत होतो.

जिथून कॉम्प्युटर घेतला होता ते दुकान आता ओळखूच येईना. पूर्वी ओळीने कॉम्प्युटर मांडलेले असायचे, आता छतापर्यंत मोबाईलची कव्हरं टांगलेली. मालक मला पाहून हसला. "काका, हा तर म्युझियमचा माल घेऊन आले तुम्ही!"

त्याने स्क्रू काढून झाकण उघडलं आणि हसायचा थांबला. "काका, ह्याच्यातली हार्ड डिस्क कुठे आहे?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे सामान ठेवायचं कपाट. तेच नाही ना आत. कोणी तरी काढून नेलं. डब्बा खाली आहे, रिकामा."

मला खरंच वाटलं की हा मला फसवतोय. म्हटलं, "असं कसं? मागच्या रविवारपर्यंत चालू होता! दिवा लागत होता, पंखा फिरत होता, सगळं होत होतं..."

"अन् स्क्रीनवर काय दिसे?"

"काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं."

त्याने पेचकस खाली ठेवला. "काका... आत काही नाही, हेच लिहून राहिलं होतं ते."

मी तिथल्या स्टूलवर बसलो. दर रविवारी ते मशीन मला तोंडावर सांगत होतं, आणि मी त्याच्या अंगावर हात ठेवून ठणठणीत म्हणत होतो...

घरी येऊन गेलेल्या रंगवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग पिंकीला फोन लावला. "पिंकी, घरात चोरी झाली गं. तुझी आई चोरून नेली कोणी तरी."

"बाबा, आधी शांत व्हा! कशाची चोरी? ती डिस्क मीच काढली होती. आईच्या वर्षश्राद्धाले आली तेव्हा. खराब होऊन राहिली होती, म्हणून दुकानात नेऊन त्यातलं सगळं काढून घेतलं. तुम्हाले सांगितलं होतं ना, तुम्ही हो म्हणाले."

म्हणालो असेन. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो... "मग आवाज कुठे गेला तिचा?"

"तुमच्या मोबाईलमध्येच टाकला ना बाबा! ज्याच्यावर बोलून राहिले, त्याच्यातच आहे."

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. हा मोबाईल एकदा बाथरूमच्या बादलीत पडला होता. भाजीच्या गाड्यावर विसरून आलो होतो. रेंज गेली की मी तो दिवाणावर आपटायचो... आणि एवढे दिवस सुशीला माझ्या सदऱ्याच्या खिशात होती!

दुकानदाराने माझ्या हातून मोबाईल घेतला, शोधला आणि व्हिडिओ लावला. सनई, पोरींचा गलका... आणि मग तिचा तो टिपेचा आवाज, भर दुकानात. "पाहा वं माय, पोरीची हळद लागून राहिली अन् हे तिकडे जनरेटरले हात लावून उभे! अहो पिंकीचे बाबा, चालू आहे ते! इकडे या!"

दुकानदार आधी खळखळून हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप पाण्याची बाटली पुढे केली. त्याचं भलं होवो.

व्हिडिओ पिंकीकडे पुण्यालाही आहे म्हणे. तरी मी मोबाईलला दोरी लावून गळ्यात घातला आहे. वामनराव हसतात, हसू द्या... डबा मात्र परत घरी आणला, टाकवला नाही.

आज पुन्हा रविवार. सवयीने त्या कोपऱ्यात जाऊन बसलो, हातही पुढे गेला. मग मोबाईल काढला आणि पहिल्यांदा एकट्याने व्हिडिओ लावला. "चालू आहे ते! इकडे या!" म्हणाली... आणि मी खरंच उठून उभा राहिलो.